तीनशे पुंगळ्या आणि एक साचा

आमच्या रायफल क्लबमधल्या एका जुन्या सभासदाने मला फसवलं. त्याने मला काडतुसांच्या तीनशे रिकाम्या पितळी पुंगळ्या आणि त्या दाबायचा एक पोलादी साचा दिला, बदल्यात माझी दुर्बीण घेतली, आणि देताना त्याला पक्कं ठाऊक होतं की त्या पुंगळ्या माझ्या रायफलीत बसणार नाहीत. त्यापायी माझा क्लब गेला, सर्टिफिकेट गेलं आणि रायफलही गेली. दुर्बीण अजून त्याच्याकडे आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे माझ्या रागाचं कारण कुणाला शोधत बसायला नको.

मी इंग्लंडात मिल्टन कीन्सला राहतो. इथली बहुतेक मराठी मंडळी पुण्या-मुंबईहून कंप्युटरच्या नोकऱ्यांवर आलेली. मी आलो तो एका रेस्टॉरंटच्या किचनमध्ये भांडी घासायला. पुढे बंद पडणाऱ्या हॉटेलांमधली फ्रायर, फ्रीज, स्टीलची टेबलं उचलून नव्याने हॉटेल टाकणाऱ्यांना विकायला लागलो. गणपतीच्या कार्यक्रमात कुणी विचारलं, "तुम्ही सध्या कुठल्या क्लायंटकडे?" की मी सांगायचो, "ब्लेचलीच्या फिश अँड चिप शॉपकडे." मग विचारणारा हळूच बटाटेवड्यांच्या रांगेकडे सरकायचा.

मला जगात एकच विद्या येते, घासाघीस. तिचा माझा नियम ठरलेला आहे. आधी नाही म्हणायचं. मग व्हॅनकडे चालू लागायचं. समोरच्याने परत बोलावलं की सौदा मान्य करायचा, आणि हात मिळवायच्या आधी वर आणखी एक वस्तू मागायची. ती वरची वस्तू मिळाली नाही तर मला रात्री झोप येत नाही. हा नियम मी इथे मुद्दाम लिहितोय, कारण माझा घात त्या वरच्या वस्तूनेच केला.

रायफलीचं वेड शाळेतलं. कॅडेटच्या परेडला वर्षातून एकदा पाच गोळ्या मारायला मिळायच्या. माझ्या पाचही एका मुठीत मावतील एवढ्या जागेत लागल्या तेव्हा सुभेदार म्हणाले होते, "पोरा, हात दगडाचा आहे तुझा." घरी कुणाला त्याचं काही नव्हतं. मी मात्र ते वाक्य तीस वर्षं सांभाळलं. चाळिशी ओलांडल्यावर, धंदा जरा मार्गी लागल्यावर क्लबमध्ये नाव घातलं. काही महिने उमेदवारी, मग पूर्ण सभासदत्व, मग पोलिसांचा माणूस घरी येऊन जिन्याखालचं लोखंडी कपाट भिंतीला नीट ठोकलंय की नाही ते हलवून बघून गेला, आणि मला सर्टिफिकेट मिळालं. इथे रायफल ठेवायची तर पोलिसांना सबळ कारण द्यावं लागतं. माझं कारण एकच, मी क्लबचा सभासद आहे. क्लबने काढलं की कारण संपलं, आणि कारण संपलं की रायफल घरात ठेवता येत नाही. पहिल्या दिवसापासून मला हे माहीत होतं.

रायफल मी वापरलेलीच घेतली, पण देखणी. नेमबाजीसाठी खास बनवलेली, चेंबर घट्ट. चेंबर म्हणजे नळीच्या मागच्या टोकाची, काडतूस जिथे बसतं ती पोकळी. ती पहिल्यांदा रेंजवर नेली तेव्हा हाच माणूस, ज्याच्याबद्दल मी लिहितोय, जवळ आला. रेल्वेतून निवृत्त झालेला इंजिनिअर, खिशात कायम मोजपट्टी. त्याने माझ्या परवानगीने, चेंबर मागून बंद करणारा बोल्ट मागेपुढे करून पाहिला आणि म्हणाला, "घट्ट चेंबर आहे. जपून भर, अचूक मारेल." हे वाक्य लक्षात ठेवा. माझ्या रायफलीचं चेंबर घट्ट आहे, हे त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं.

क्लबातले निम्मे लोक काडतुसं घरीच भरायचे. काडतुसाचा पितळी भाग, म्हणजे पुंगळी, एकदा उडवली की टाकायची नसते. बुडाला ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, दारू भरायची, वर गोळी बसवायची की झालं. पण उडताना ती पुंगळी ज्या चेंबरमध्ये असते त्याच्या भिंतींना टेकेपर्यंत फुगते. म्हणून भरायच्या आधी तिला पोलादी साच्यात दाबून पुन्हा बारीक करावं लागतं. मला हे फार आवडलं. टाकून दिलेल्या वस्तूला पुन्हा कामाला लावायचं. माझा धंदा तरी दुसरा काय होता?

सौदा रेंजच्या कार पार्कमध्ये झाला. त्याचा डोळा बरेच दिवस माझ्या दुर्बिणीवर होता. लांबच्या लक्ष्यावर गोळी कुठे लागली ते बघायची, तिवईवर बसणारी ती दुर्बीण. मी ती एका बंद झालेल्या गेस्ट हाउसच्या सामानात उचलली होती.

"ही तू नुसती मिरवायला आणतोस," तो म्हणाला. "तुझे डोळे तरुण आहेत. मला दे."

"काय देता?"

त्याने गाडीची डिकी उघडली. जुन्या आइस्क्रीमच्या डब्यांमध्ये पुंगळ्या, तोंडं वर करून ओळीत लावलेल्या. "तीनशे. सगळ्या माझ्याच हातच्या. दुसऱ्या कुणाच्या रायफलीत गेलेल्या नाहीत."

ही शेखी होती असं मला तेव्हा वाटलं. खरं तर रोग तोच होता, पण तो त्याने गुण म्हणून सांगितला.

मी नाही म्हणालो. व्हॅनकडे चालू लागलो. त्याने बोलावलं. मी परत आलो, डबे वर करून पाहिले, आणि म्हणालो, "ठीक. पण साचाही पाहिजे."

"कुठला साचा?"

"ह्या पुंगळ्या ज्यात दाबता तो. दुकानातला नवा आणून दाखवू नका. तुमच्या हातातला."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग हसला. "तू भलता चिवट आहेस, मेट," म्हणाला आणि पुढच्या रविवारी साचा आणून दिला. त्यावरची अक्षरं गंजाने पुसट झाली होती. त्या दिवशी घरी येताना प्रत्येक राउंडअबाउटला मी शीळ घालत होतो.

पुंगळ्या काळवंडलेल्या होत्या. क्लबातले लोक त्यांना धुवायला यंत्र ठेवतात. माझी आई पितळ कशाने घासायची ते मला माहीत होतं. मी चिंचेचा कोळ केला, मीठ घातलं, आणि किचनच्या सिंकमध्ये तीनशे पुंगळ्या दोन-दोन मिनिटं बुडवून, खळखळून धुऊन ट्रेमध्ये वाळत घातल्या. बायको कामावरून आली आणि दारातच थांबली.

"अहो, हे काय? लक्षदीप आहे का आज?"

"हात नको लावूस. मोजून ठेवल्यात."

"हात कोण लावतंय! चिंच संपवली ना सगळी? आता आमटीत काय घालू, दारू?"

हसलो आम्ही दोघंही. त्या पुंगळ्यांवर हसण्याची ती शेवटची वेळ.

पन्नास भरल्या. रेंजवर पहिलं काडतूस चेंबरमध्ये ढकललं आणि बोल्टचा दांडा खाली दाबला, तर तो अर्ध्यावर अडला. तळव्याने जोर दिला तेव्हा बसला. गोळी सुटली, पण नंतर बोल्ट उघडेना. कुकरचं झाकण वाफ असताना ओढावं तसं ओढलं, तेव्हा पुंगळी बाहेर आली. वीसपैकी सहा तर बसल्याच नाहीत. शेजारच्या मॅटवर तो माझ्या दुर्बिणीला डोळा लावून पडला होता.

मी धंद्यात शेकडो बंद फ्रायर चालू केलेत. बिघाड शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मला कुणी शिकवायला नको. प्रथम वाटलं, गोळी जास्त बाहेर राहते आणि तिचं टोक नळीच्या आतल्या खाचांना टेकतं. म्हणून पुढच्या दहांमध्ये गोळी जरा खोल बसवली. काही फरक नाही. मग वाटलं, वारंवार दाबून पुंगळीची मान लांबली असेल. लांबी मोजली, घासून कमी केली. तरी तेच. टोपी वर राहिली असेल म्हणून प्रत्येक बुडावरून बोट फिरवलं. सपाट होती. शेवटी एक पुंगळी टोपी आणि दारूशिवाय, नुसती गोळी बसवून तयार केली, काळ्या मार्करने मानेपासून बुडापर्यंत रंगवली, चेंबरमध्ये घालून बाहेर काढली. जिथे घासतं तिथली शाई जाते. शाई मानेवर शाबूत होती. गेली होती ती खांद्यावर, म्हणजे मान जिथे रुंद होते तिथे, आणि खाली बुडाच्या जरा वर. पितळ तिथे चकचकीत दिसत होतं. आणखी चार रंगवून पाहिल्या, तिथेही तेच.

म्हणजे साचा फक्त मान दाबत होता. खांदा आणि अंग आहे तसंच फुगलेलं सोडत होता. आज मी हे एका वाक्यात लिहितो. तेव्हा मला माहीतच नव्हतं की नुसती मान दाबणारा साचा अशी काही वस्तू असते.

ती रंगवलेली पुंगळी मी त्याला दाखवली. त्याने चष्मा कपाळावर चढवला आणि ती उजेडात फिरवली. खांद्यावरचा चकचकीत पट्टा त्याने पाहिला, बुडाजवळचा पाहिला. आयुष्यभर मापं घेतलेला माणूस. मग पुंगळी परत देत म्हणाला, "तुझं चेंबर घाण झालंय. नीट साफ कर."

मी साफ केलं. तीन रविवार साफ केलं. ब्रशचे केस झडेपर्यंत.

चौथ्या रविवारी जे झालं त्यात चूक माझी आहे, ती मी नाकारत नाही. अकरावं काडतूस बोल्ट बंद व्हायच्या आधीच घट्ट रुतलं. मी बोल्ट मागे ओढला तर तो रिकामाच आला. बोल्टच्या तोंडाशी एक बारीक आकडा असतो, तो पुंगळीची कड पकडून तिला बाहेर ओढतो. पण माझ्या रायफलीत तो आकडा कडेवर बसतो तो बोल्ट पूर्ण बंद झाल्यावरच. त्यामुळे भरलेलं काडतूस आत आणि बोल्ट मोकळा. अशा वेळी नियम साधा आहे. नळी लक्ष्याकडेच ठेवायची, हात वर करायचा, रेंज ऑफिसरची वाट बघायची.

मी हात वर केलाही. तेवढ्यात शेजारच्या मॅटवरून तो माझ्याच दुर्बिणीवरून डोळा न काढता म्हणाला, "परत? काय करतोस तू त्यांना?"

मी उठलो. रायफल उचलली आणि त्याच्याकडे वळलो. "मी करतोय? हे बघ! हे तुझं आहे! तू दिलेलं आहे!"

पूर्ण वाक्य बोलून होईपर्यंत नळी अर्ध्या रेंजवरून फिरली होती. रेंज ऑफिसर जे ओरडला ते मला अजून ऐकू येतं. मागे घडीच्या खुर्चीवर गुण लिहिणारी साठीची बाई बसायची. ती खुर्चीसकट ओल्या गवतात आडवी झाली. मी रायफल खाली ठेवली तेव्हा ती गुडघ्यांवरचा चिखल न झटकता नुसती बसून होती.

बोल्ट उघडा होता. गोळी सुटणं शक्यच नव्हतं. मी तिच्याजवळ जाऊन माफी मागितली आणि तिला हेही सांगितलं.

ती म्हणाली, "बोल्ट उघडा आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं."

मी तिची खुर्ची गवतातून उचलून उभी केली. रेंज ऑफिसरने सगळ्यांना मागे हटवून ते काडतूस कसंबसं काढलं. अर्धा तास गेला.

चौकशी होईपर्यंत मला क्लबमध्ये यायला बंदी झाली. त्या आठवड्यात मी उरलेल्या पुंगळ्या आणि साचा घेऊन शेजारच्या गावातल्या बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडे गेलो. त्याने साचा दिवा लावलेल्या मोठ्या भिंगाखाली धरला, पुंगळीचं माप घेतलं, आणि विचारलं, "हे तुम्हाला कुणी दिलं?"

मी सांगितलं. त्याने साचा काउंटरवर ठेवला.

"हा साचा फक्त मान दाबतो. असल्या साच्यातून काढलेली पुंगळी ज्या रायफलीत उडाली त्याच रायफलीत बसते. तुमच्या चेंबरमध्ये ती बसणारच नाही."

"मग त्याच्या रायफलीत बसते?"

"त्याच्याही नाही आता," तो म्हणाला. म्हणून गेला आणि मग जीभ चावल्यासारखं केलं. मी सोडतो काय! मी काउंटरवर दोन्ही कोपरं टेकली. घासाघिशीत समोरचा एकदा जास्त बोलला की आपण गप्प राहायचं. मी गप्प राहिलो. शेवटी तोच बोलला. "वसंतात मी त्याच्या रायफलीला नवी नळी बसवली. जुनं चेंबर झिजून सैल झालं होतं. नवं घट्ट. त्यानंतर तो ह्याच पुंगळ्या घेऊन आला होता, बसत नाहीत म्हणून. मी सांगितलं, अख्खी पुंगळी दाबणारा साचा घ्या, नाहीतर ह्या भंगारात टाका. पितळही थकलंय."

सौदा उन्हाळ्यात झाला होता.

"आणि मी चिंचेने धुतल्या त्या?"

त्याने एक पुंगळी निरखली. "रंग जरा लालसर झालाय. पण धुतल्याने माप वाढत नाही."

"हे लिहून द्याल? कमिटीसाठी?"

त्याने साचा परत माझ्या हातात ठेवला. "तो वीस वर्षं माझ्याकडे येतोय. त्याने सांगायला हवं होतं. आणि तुम्ही विचारायला हवं होतं." मग तो मागच्या खोलीत गेला, आणि मी बराच वेळ उभा राहिलो तरी बाहेर आला नाही.

कमिटी क्लबच्या पत्र्याच्या पोर्टाकॅबिनमध्ये बसली. अध्यक्ष तोच रेंज ऑफिसर, आणि आणखी दोघं. मी शाई लावलेल्या पुंगळ्या पिशवीत घालून नेल्या होत्या, टेबलावर मांडल्या. कुणी उचलल्या नाहीत. साक्षीला त्या जुन्या सभासदाला बोलावलं होतं. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला होता आणि त्याने सगळं हळू, नीट, दुःखी आवाजात सांगितलं. मी पुंगळ्या कसल्याशा आंबट पदार्थात भिजवल्या हे मी त्याला एकदा गमतीने सांगितलं होतं. ते त्याने तिथे काढलं.

"कशात भिजवल्या?" एकाने विचारलं.

"चिंचेत," मी म्हणालो. "भिजवल्या नाहीत, धुतल्या."

"म्हणजे चटणीत असते ती?"

तिघांपैकी कुणीतरी हसलं, आणि त्या हसण्यात माझी केस संपली हे मला कळलं. पुढचा अर्धा तास चिंचेवर गेला. आम्लाने पितळ कमजोर होतं, हे त्याने इंजिनिअरच्या थाटात समजावलं. ते खोटंही नाही, दिवसभर भिजवलं तर होतं. माझी चिंच दोन मिनिटांची होती.

मी विचारलं, "तुम्ही तुमच्या रायफलीची नळी कधी बदललीत?"

तो अध्यक्षाकडे बघू लागला. अध्यक्ष म्हणाला, "हा आजचा विषय नाही. नळी कुणी बदलली हा विषय नाही. नळी कुणाकडे वळली, हा विषय आहे."

"आणि साचा?"

आता मात्र तो स्वतः बोलला. "त्याने माझा साचा मागितला. नवा नको, तुझ्या हातातला दे, असा त्याचा हट्ट होता. मी माझाच दिला." आणि हे खरं होतं. शब्दन् शब्द खरं होतं.

मी उठून बोललो. मोठ्याने बोललो. काय बोललो ते इथे लिहीत नाही, कमिटीच्या वहीत आहे. त्याने माझं काही भलं झालं नाही.

दहा दिवसांत क्लबचं पत्र आलं, त्यानंतर पोलिसांचं. मग एका दुपारी तोच माणूस आला, कपाट हलवून बघून गेलेला. सभ्यपणे बूट काढतो म्हणाला. बायकोने चहा विचारला, त्याने नको म्हटलं. रायफल घेऊन त्याने पावती दिली. दार लावल्यावर बायको म्हणाली, "जाऊ दे हो. तुमचा हात दगडाचा आहे, तो कुणी नेला नाही." तिला मला बरं वाटावं असं वाटत होतं. मला ते ऐकवेना. दगडाचा हात त्या रविवारी कुठे होता?

लोखंडी कपाट जिन्याखाली तसंच आहे. काढलं तर भिंतीला भोकं दिसतील म्हणून ठेवलं. आता त्यात बायको बासमतीची पोती ठेवते. दुसऱ्या एका क्लबला मी अर्ज केला होता. त्यांनी आधीच्या क्लबकडून दोन ओळी मागितल्या. त्या दोन ओळी काय असणार, मला माहीत होतं. मी अर्ज मागे घेतला. पुन्हा रायफल हातात येईल असं मला वाटत नाही. माझं वय, माझी नोंद, माझा स्वभाव, तिन्ही माझ्या विरुद्ध आहेत.

तीनशेंपैकी उरलेल्या पुंगळ्या माझ्याकडे आहेत. भरलेल्या सगळ्या पोलिसांकडे दिल्या, रिकाम्या आइस्क्रीमच्या त्याच डब्यांत आहेत. काहींवर शाईच्या खुणा अजून दिसतात. त्याला मी दोनदा पत्र लिहिलं, उत्तर नाही. एकदा गार्डन सेंटरमध्ये दिसला, तर ट्रॉली वळवून खतांच्या मागे गेला.

नळी मी फिरवली. त्या बाईला गवतात मी पाडलं. त्याची शिक्षा मला मिळाली आणि ती मी भोगतोय. पण ते काडतूस त्या चेंबरमध्ये रुतलं कशाने, हे मला एकाही माणसाने अजून विचारलेलं नाही. म्हणून मी त्या माणसालाच विचारतो. नवी नळी बसवल्यावर त्या पुंगळ्या तुमच्याच रायफलीत बसेनात, आणि तुम्हाला त्या भंगारात टाकायला सांगितलं गेलं, तेव्हा डब्यांना झाकणं लावताना तुम्हाला माझं घट्ट चेंबर आठवलं होतं की नव्हतं? शाई लावलेली पुंगळी तुमच्या हातात होती, तुम्ही ती उजेडात धरली होती, आणि तुम्ही मला चेंबर साफ करायला सांगितलंत. का? कमिटीसमोर नको. माझ्या दारात येऊन, माझ्या तोंडावर सांगा. मला ह्याचं उत्तर पाहिजे, आणि ते तुम्हीच द्यायचं आहे.